कॅसेटमधल्या मुंग्या

पडद्यावर मुंग्या होत्या. काळ्या-पांढऱ्या, वळवळणाऱ्या, नुसत्या मुंग्या. आणि आवाज म्हणाल तर पत्र्यावर कोणी वाळू ओततंय असा.

रुक्माबाई टीव्हीच्या पुढ्यात जमिनीवर बसली होती. वाल्मीकने खुर्ची पुढे केली होती, पण ती तिने घेतली नाही. तिने जाड भिंगांचा चष्मा काढून पदराला पुसला, परत घातला. उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिलं. डावा झाकून उजव्याने पाहिलं.

"वाल्मीक, मना डोया गया का रे?"

वाल्मीकने कॅसेट मशीनबाहेर काढली, फुंकर मारली, परत घातली. पुढे पळवली. मागे आणली. मुंग्या.

"डोळे चांगले आहेत अक्का," तो म्हणाला. "तो नाहीये यात."

"कोन नही?"

"भाईदास."

नव्वद सालची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, चार-पाच दिवसांवर आली होती. जळगावच्या त्या व्हिडिओ शूटिंगच्या दुकानात लग्नाची गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यादेखत म्हातारीने बसल्या जागेवरून वाल्मीकच्या पँटचा पाय धरला.

"मना पोऱ्या दे माले. तवलग मी उठाव नही."

गिऱ्हाइकं उठून गेली. म्हातारी उठली नाही. संध्याकाळी वाल्मीकच आपल्या पायांनी पोलिसांत गेला.

"तायडे, तुम्ही बघा हे," ठाण्यातले साहेब म्हणाले. "बाईमाणसाचं काम आहे."

"काय गेलंय साहेब?"

"विनोद गेलाय." साहेब आपल्याच बोलण्यावर हसले. "टीव्हीवरची कुठलीशी विनोदी मालिका. कॅसेट जागेवर, आतला माल गायब. त्या शूटिंगवाल्याकडून एक माफीनामा घ्या आणि म्हातारीला बसमध्ये बसवून द्या."

प्रमिला तायडे बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच कामावर आली होती. पोरगं घरी सासूजवळ. दुपार कलली की अंगावर दूध दाटायचं आणि खाकी साडीचा पदर ओढून घेऊन बसावं लागायचं. अशा वेळी कोणी हसलं, की का कोण जाणे, तिला त्या माणसाचा रागच यायचा.

ती वाल्मीकच्या दुकानात गेली. रुक्माबाई आता पायरीवर बसली होती. कोणीतरी तिच्यापुढे चहा ठेवला होता, त्यावर साय धरली होती.

"वाल्मीकभाऊ, पहिल्यापासून सांगा. कोण हा भाईदास?"

"रुक्माअक्काचा धाकटा. माझा कॉलेजातला दोस्त. पारोळ्याच्या अलीकडे बोरखेड्याचा फाटा आहे ना, तिथला. गॅदरिंगमध्ये नकला करायचा. मुंबईला गेला आणि शहाऐंशी साली टीव्हीवर लागला. 'चौथा मजला, पाणी नाही'."

"नाव ऐकलं नाही कधी."

"कोणीच ऐकलं नाही ताई. पाच भाग झाले, बंद पडली. आपल्याकडच्या अँटेनाला तेव्हा दिल्लीच लागायची, मुंबईचं मराठी दिसायचं नाही. त्याने तिकडे कोणाकडून तरी दोन भाग भरून घेतले आणि ती कॅसेट घेऊन आखाजीला गावी आला. व्हीसीआर मी नेला इथून. सगळं गाव त्यांच्या ओट्यापुढे."

"काय होतं त्यात?"

"एक बिल्डिंग. चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही. भाईदास पाणक्या. डोक्यावर हंडा घेऊन जिना चढतोय. वरून बाई ओरडते, लवकर वर ये. खालून मालक ओरडतो, आधी खाली ये. हा मधल्या पायरीवर थांबतो आणि आपल्याकडे बघून विचारतो, 'आते चढू का उतरू?'" वाल्मीक सांगता सांगता हसला. "इतकंच. दर भागात इतकंच. पण ज्या तोंडाने विचारायचा ना, माणसं लोळायची. सगळ्यांत जास्त ही अक्का."

"मग?"

"मालिका बंद पडल्यावर एक-दोन पत्रं आली. नंतर पत्रंही नाहीत आणि माणूसही नाही. अक्का म्हणते, जिवंत आहे. दर आखाजीला मी मशीन घेऊन जातो. एका वर्षी दिवाळीला तिने फार धरलं म्हणून तेव्हाही नेलं होतं. एरवी कॅसेट पेटीत. मध्यंतरी तिने कुठून तरी ऐकलं, मुंबईच्या टीव्हीवर हरवलेल्या माणसांचे फोटो दाखवतात. मोठेपणीचा फोटो तिच्याकडे नाही. मी म्हटलं, कॅसेट थांबवून पडद्यावरून फोटो काढून देतो. त्यासाठी आली होती."

"तुमच्याकडून चुकून पुसली गेली?"

वाल्मीकने कॅसेट उलटी केली. "इथे बघा. प्रत्येक कॅसेटला मागच्या कडेला प्लास्टिकचा एक दात असतो. तो मोडला की त्यावर दुसरं काही भरता येत नाही. हा मी त्याच आखाजीला मोडला, त्यांच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर. फुशारकीच होती माझी. आणि आता बघा."

मोडलेल्या दाताच्या खाचेवर पांढरी पट्टी चिकटवलेली होती.

"खाच बुजवली की मशीनला वाटतं, दात आहे. मग ते भरतं."

"म्हणजे कोणी मुद्दाम पुसलं."

"पुसलं नाही ताई, भरलं. अँटेनाची वायर काढून ठेवायची आणि रेकॉर्डचं बटण दाबायचं. मशीन मुंग्या भरत जातं. दोन्ही भागांवर कोणीतरी बसून मुंग्या भरल्यात."

"हे कोणाला येतं?"

"मला येतं. म्हणून तर सगळे माझ्याकडे बघतायत. आणि त्या दिवशी ओट्यावर जे होते, त्यांना मीच समजावून सांगितलं होतं, की ही खाच कधी बुजवू नका."

प्रमिलाने ती पट्टी नखाने चाचपून पाहिली. दुकानात जिकडेतिकडे सेलोटेप होती, गुळगुळीत. ही कापडी होती. कडेला बारीक दोरे सुटले होते. बाळंतपणात सलाईनची सुई हलू नये म्हणून तिच्या मनगटावर अशीच लावली होती. काढताना लव उपटून निघाली होती.

"ही तुमच्याकडची?"

"नाही हो. अशी मी ठेवतच नाही."

दुसऱ्या दिवशी ती रुक्माबाईला घेऊन बोरखेड्याला गेली. फाट्यापासून पायी. ऊन असं, की सावली सापडली तर तिथे आधीच कुत्रं बसलेलं. गावात मात्र आखाजीची धांदल होती. माहेरवाशिणी आल्या होत्या, निंबाला झोके टांगले होते, सांजोऱ्यांच्या तुपाचा वास दारादारातून येत होता. झोक्यावरच्या पोरी पोलिसाची साडी पाहून गाता गाता थांबल्या, मग तिच्याकडे बघून परत गाऊ लागल्या.

रुक्माबाईने पेटी उघडून दाखवली. आत एक जुनं लुगडं होतं, आणि त्यात कॅसेटच्या आकाराचा खळगा पडलेला.

"किल्ली कोणाकडे असते, अक्का?"

"मना कंबरले."

"गेल्या आखाजीपासून कॅसेट बाहेर काढली होती?"

"संक्रांतनंतर डोयानं ऑपरेशन व्हयनं, धुयाले. तवय संगे व्हती. मना उशाखाले."

"धुळ्याच्या दवाखान्यात?"

"दवाखानामा एकच रात. मंग यशोदानी खोलीवर. मनी पोर शे ती." म्हातारीचा चेहरा जरा सैल झाला. "दोन्ही डोयावर पट्टी व्हती, हालाले मनाई. पोरनी लई सेवा करी. एकच खोड तिनी. एक दिन तं भर थंडीमा दुपारभर पंखा लाया. भरभर, भरभर. काबर व माय इचारं, ते बोलनी, मच्छर शेत."

"या दिवसांत परकं कोणी आलं होतं जवळ? कॅसेटला हात लावला कोणी?"

"परकं? परकं कोनीच नही."

"तुम्ही स्वतः ती नंतर बघितली?"

"मशीन कोठे शे आठे? डोया साफ व्हयना, मंग पहिला त्यालेच दखाना व्हता." रुक्माबाईने लुगड्यातला खळगा हाताने सपाट केला. "फोटू मुंबईले गया ना, का कोनी ना कोनी सांगीन. मी दखा त्याले, दादरले दखा, कल्याणले दखा. तू धुंड माय. तुले बी लेकरू शे, दिसस माले."

प्रमिलाने नकळत छातीवरचा पदर सारखा केला.

मोठा मुलगा शालिग्राम वावरातून आला तो तापलेलाच. बैलांना पाणी दाखवता दाखवता त्याने उत्तरं दिली.

"भावाची मालिका तुम्हाला आवडायची?"

"आवडायची? बाई, पारोळ्याच्या स्टँडवर कंडक्टर मला बघून विचारतो, शालिग्रामभाऊ, चढता का उतरता? पोराच्या सोयरिकीला गेलो, तर तिथला म्हातारा विचारतो, तुम्ही त्या पाणक्याचेच का? खान्देशचा माणूस म्हणजे हंडा वाहणारा, असं दाखवलं मुंबईवाल्यांनी, आणि आमची आई टाळ्या वाजवते."

"म्हणून तुम्ही ती पुसलीत."

"कशावर? घरात एक रेडिओ आहे, तो चापट मारल्याशिवाय बोलत नाही." मग त्याचा आवाज खाली आला. "कोणी केलं हे, ते तुम्ही सांगा. वाल्मीकनेच केलं. कोणाचं लग्न भरलं असेल त्याच्यावर, मग घाबरून पुसलं. आखाजी होऊ द्या. आम्ही पंधरा-वीस जण जळगावला जाणार आहोत. त्याचं दुकान राहणार नाही."

"भाऊ जिवंत आहे असं वाटतं तुम्हाला?"

शालिग्रामने बादली खाली ठेवली. "मागच्या आखाजीला मी त्याच्या नावाची घागर आणली होती. घरात जितके गेलेले तितक्या घागरी भरतो आम्ही, वर डांगर ठेवतो. वडलांच्या घागरीशेजारी ठेवली. आईने उचलली आणि उकिरड्यावर नेऊन आपटली. जित्त्या माणसाच्या नावानं पाणी ठेवतोस का, म्हणाली. मग मी नाद सोडला."

"तुमची बहीण दिसत नाही. बाकी पोरी तर आल्यात."

"यशोदा? ती आखाजीच्या दुपारून येते. पहिले आठ-आठ दिवस आधी यायची, झोक्यावरून उतरायची नाही. आता लेकरं, दवाखान्यातली नोकरी. आया आहे ती. दुपारून का होईना, येते."

फाट्यावर जळगावची बस आधी आली. प्रमिलाने ती जाऊ दिली आणि समोरून येणाऱ्या धुळ्याच्या बसला हात केला. घरी पोरगं रडत असेल, सासू वाटीने दूध पाजत असेल. तिने डोळे मिटून घेतले.

यशोदाची खोली धुळ्याला एका गल्लीच्या टोकाला होती. दारात लेकरं खेळत होती. यशोदा तिशीतली, बारकी, चेहरा आईसारखा. पोलीस दारात बघून ती घाबरली नाही. तिने पाट दिला.

"तुमच्या आईची कॅसेट कोरी निघाली," प्रमिला म्हणाली.

यशोदा समोर खाली बसली.

"आई रडली का?"

"नाही. तिला वाटलं, ऑपरेशन बिघडलं. डोळा गेला."

यशोदाने तोंडाला पदर लावला आणि भिंतीकडे वळली. लेकरं दारातून डोकावली. ती त्यांना म्हणाली, "जा, बाहेर खेळा."

"मालक कुठे आहेत?"

"शिंदखेड्याला, मोठ्या जेठांकडे गेले. आखाजीला सगळे भाऊ तिकडेच जमतात. आमच्या घरच्या घागरी तिकडेच भरतात, इकडे काही नसतं. त्या दिवशी माहेरी जाईन मीही."

"दुपारून?"

"हो. दुपारून."

"ऑपरेशननंतर आई इथेच होती. कॅसेट तिच्या उशाखाली. कोणी हात लावला असेल?"

"कोण लावणार? मी आणि लेकरं."

प्रमिलाला तहान लागली होती. कोपऱ्यात, धुतलेल्या जागेवर, एक नवी लाल घागर होती. शेजारी एक पिवळं डांगर, पिकलेलं खरबूज. तिने हात लांबवला.

"त्यातलं नको," यशोदा पटकन म्हणाली. "कोरी आहे ती. थांबा, मी देते." आणि तिने स्टीलच्या पिंपातून तांब्या भरून दिला. पाणी कोमट होतं.

परतीच्या बसमध्ये खिडकीतून गरम वारा येत होता. पारोळं मागे पडलं तेव्हा प्रमिलाच्या लक्षात आलं, की यशोदाने एक गोष्ट विचारलीच नव्हती. शालिग्रामने विचारली होती. वाल्मीकचं तर दुसरं काही चाललंच नव्हतं. कोणी केलं, एवढं यशोदाने विचारलं नव्हतं.

मग बाकीचं एकेक जागेवर जाऊन बसू लागलं. एरंडोल येईपर्यंत सगळं बसलं, आणि प्रमिलाला वाटलं, ही बस अशीच पुढे जात राहावी, कुठे थांबूच नये.

"झालं का?" साहेबांनी विचारलं. "घ्या माफीनामा आणि मिटवा. कोणाचं काय जाणार आहे?"

वाल्मीकचं दुकान जाणार होतं. त्याने काही केलं नव्हतं. आणि खरं सांगावं तर म्हातारीचा मुलगा जाणार होता. त्या रात्री पोराला मांडीवर घेऊन ती बसली. पोरगं पिता पिता थांबून तिच्याकडे बघून हसलं, आणि तिला ते बघवेना.

आखाजीच्या दुपारी ती बोरखेड्याला पोचली. वाल्मीकला तिने बरोबर आणलं होतं. शालिग्राम त्याला ओट्यावर चढू देईना, पण रुक्माबाई म्हणाली, बसू दे. घरात घागरींची पूजा झाली होती, पितरांचं जेवण झालं होतं. थोड्या वेळाने फाट्याकडून यशोदा आली. दोन्ही हातांना लेकरं.

तिने ओट्यावर कोण कोण बसलंय ते पाहिलं. लेकरांना झोक्यांकडे पाठवलं.

"बाजूला येता का जरा?" प्रमिलाने विचारलं.

"नको ताई. इथेच बोला," यशोदा म्हणाली. "मला एकटीला पुन्हा नाही सांगता येणार."

प्रमिलाने रुक्माबाईकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि तिकडेच बघत बोलायला सुरुवात केली.

"वाल्मीकभाऊंनी केलं असतं तर त्यांना पट्टी दुकानातलीच मिळाली असती. ही पट्टी दवाखान्यातली आहे. डोळ्यावरचा कापूस हलू नये म्हणून लावतात तसली. दुकानात येण्याआधी कॅसेट वर्षभरात एकदाच या घराबाहेर गेली, ऑपरेशनच्या वेळी."

"आईच्या उशाखाली होती," शालिग्राम म्हणाला.

"हो. आणि आईच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. मी अक्कांना विचारलं, परकं कोणी आलं होतं का. त्या म्हणाल्या नाही. खरं होतं ते. मी विचारलंच चुकीचं. पोर काही परकी नसते."

वाल्मीकने मान खाली घातली.

"भर थंडीत एक दुपारभर पंखा चालू होता. मच्छरांसाठी नाही. मशीन चालताना आवाज करतं, तो अक्कांना ऐकू येऊ नये म्हणून. व्हीसीआर धुळ्यात कोणीही भाड्याने देतो. खाच कशी बुजवतात ते या ओट्यावर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. अक्का खाटेवर पडल्या होत्या आणि त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, यशोदाबाईंनी त्या कॅसेटवर मुंग्या भरल्या."

रुक्माबाईने मान वळवून मुलीकडे पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात. नीट ऐकू न आल्यासारखी ती बघत होती.

"काबर व माय?"

प्रमिला थांबली. यापुढचं तिला माहीत होतं आणि ते तिच्या तोंडून निघेना.

"घागर बघितली तुम्ही," यशोदाच म्हणाली.

"बघितली. प्यायच्या पाण्याची घागर असती तर आधी दोन दिवस भिजवली असती. ती कोरी होती, आणि शेजारी डांगर. तुमच्या सासरच्या घागरी शिंदखेड्याला भरतात. मग तुमच्या खोलीतली ती कोणाची? ज्याच्या स्वतःच्या घरात त्याच्या नावाची घागर भरू देत नाहीत, त्याची. सकाळी ती भरल्याशिवाय तुम्हाला माहेरी निघता येत नाही. म्हणून तुम्ही दुपारून येता."

शालिग्राम उठला आणि परत बसला. झोक्यावर पोरी गात होत्या, त्यांना काही माहीत नव्हतं.

"तो माझ्याकडे आला होता," यशोदा म्हणाली. ती आईकडे बघत नव्हती. "सत्त्याऐंशीच्या दिवाळीत. डोळे हळदीसारखे पिवळे. मालिका बंद झाल्यावर त्याला काम मिळालं नाही. जिथे जाईल तिथे म्हणायचे, तू तो पाणक्या ना, दुसऱ्या कशात शोभणार नाहीस. मग खरंच एका बिल्डिंगीत पाणी भरायला लागला. कावीळ अंगावर काढली. मी भाऊबीज केली त्याची दवाखान्यात, खाटेवरच. म्हणाला, आईला सांगू नकोस. बरा होतो, मग जातो. नंतर म्हणाला, तिच्याकडे मी हसरा आहे ना, तोच असू दे."

"आणि तोच तू पुसला?" शालिग्रामने विचारलं.

यशोदाने मान हलवली.

"डोळे उघडले की त्याचा फोटो टीव्हीवर देईन, असं आई ऑपरेशनच्या वेळीच म्हणत होती. फोटो टीव्हीवर गेला असता तर लोकांनी ओळखला असता. आता धुळ्यातही मुंबई दिसते. दवाखान्यातल्यांनी ओळखला असता, माझ्या गल्लीने ओळखला असता. कोणीतरी परक्याने येऊन आईला सांगितलं असतं, की तो तर गेला, तुझ्याच पोरीच्या हातांवर गेला. मला वाटलं, कॅसेट नाही तर फोटो नाही. तो हरवलेलाच राहील. हरवलेला म्हणजे जिवंतच की, दादा."

"लपवून का नाही ठेवली मग? पुसायची कशाला?"

"ती रात्री झोपेतसुद्धा उशी चाचपते."

वाल्मीक इतका वेळ खाली मान घालून होता. यशोदा त्याच्याकडे वळली. "वाल्मीकभाऊ, मला वाटलं होतं, जाता जाता तो एकदा दिसेल. मशीन पुसत जाईल आणि मी बघत बसेन. मी त्यासाठी टीव्हीसमोरच बसले होते. नाही दिसला. पहिल्यापासून मुंग्याच."

"भरताना जुनं दिसत नाही," वाल्मीक कसाबसा म्हणाला.

"नाही दिसत. मला माहीत नव्हतं."

रुक्माबाई हे सगळं ऐकत होती. तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला होता, त्यामुळे तिचे डोळे फार लहान दिसत होते. ती रडली नाही. मुलीला तिने मारलं नाही, जवळही घेतलं नाही.

"कोनता दिन व्हता?" तिने विचारलं.

"दिवाळी होऊन आठेक दिवस झाले होते, आई. दुपारी. जेवणाच्या वेळेला."

"त्या दिनले मी काय करी ऱ्हायनी व्हती?"

शालिग्रामने बहिणीकडे पाहिलं.

"सांगा ना. त्या सालले वाल्मीक दिवाळीले बी मशीन लई उंथा. मी त्या दिनले त्यालेच दखी ऱ्हायनी व्हती का? त्याले दखीसन हासी ऱ्हायनी व्हती का?"

"अक्का, आणलं होतं मी," वाल्मीक म्हणाला. "पण कोणत्या दिवशी, ते नाही आठवत. खरंच नाही आठवत."

रुक्माबाई प्रमिलाकडे वळली. "तू पोलीस शे ना माय? तुनी पट्टी धुंडी, पंखा धुंडा. मंग हाई बी धुंड. तो जाई ऱ्हायना व्हता तवय मी हासी ऱ्हायनी व्हती का नही, इतलं सांग."

प्रमिलाला तिथून उठून जावंसं वाटलं. अंगावर दूध दाटून आलं होतं, दुखत होतं. या प्रश्नाला ना साक्षीदार, ना पुरावा. तरी ती ओट्यावरून सरकून म्हातारीच्या शेजारी जाऊन बसली, आणि तिला दुसरं काही येत नव्हतं म्हणून तिने प्रश्नच विचारला.

"अक्का, दिवाळीनंतर कापूस वेचणीला आला असेल ना?"

रुक्माबाईने आठवून पाहिलं. "उंथा."

"मग वाल्मीकभाऊंनी मशीन आणलं तरी ते रात्री लागलं असेल. दुपारी तुम्ही वेचणीला. वावरात."

"वावरमाच व्हसू."

"मग झालं तर. भर उन्हात, कमरेला कापसाची झोळी बांधून वाकलेलं माणूस कशाला हसेल, अक्का?"

रुक्माबाई खूप वेळ वावराच्या दिशेने बघत राहिली. चष्म्याशिवाय तिला त्यातलं काही दिसत नसणार.

"दुपारले भाकर खावाले बठतस ना बाया," ती म्हणाली. "तवय समद्या हासतस."